मागे कोणी बसलं की घासते

६ एप्रिल
सच्याचा साखरपुडा झाला. सख्खा मामेभाऊ, पण सेकंड शिफ्ट होती म्हणून गेलो नाही. आज आईने मोबाइलवर फोटो दाखवले. मामा, मामी, सच्या, आणि शेजारी अ.
आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "चांगली हाय ना रं पोरगी? तुज्याच कंपनीत होती म्हनं."
हो म्हणालो. दोन वर्षं आम्ही एकाच बसने मोहोपाड्याला जायचो. नंतर माझ्या गाडीने. संध्याकाळी तिच्या गावाच्या फाट्यावर सोडायचो, पुढचे तीन किलोमीटर ती रिक्षाने. गाव बघेल म्हणून. बघितलं असतं तर बघितलं असतं.
फेब्रुवारीत फोन आला होता तिचा, स्थळ आलंय म्हणून. कोणाचं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अख्ख्या रायगडात एवढी पोरं असताना...
दोन भाकऱ्या खाल्ल्या. नेहमीएवढ्याच.

११ एप्रिल
चाकं आली. सतरा इंची अलॉय, काळी, पनवेलच्या एकाकडून सेकंडहँड. गाडी डिसेंबरातच स्प्रिंगा बदलून खाली करून घेतली होती.
फर्स्टवरून आल्यावर स्वतःच बसवली. चार नट जुळले, झालं. चाकाच्या आतला नंबर वाचला नाही. कंपनीत दाब मोजायच्या गेजचा काटा केसभर चुकला तर मी पहिल्यापासून लावतो, आणि इथे हे.
एकटाच टोल नाक्यापर्यंत जाऊन आलो. कसला आवाज नाही. चाकं पत्र्याच्या जरा बाहेर येतात, रुबाबदार दिसतात. आनंद व्हायला हवा होता. बहुतेक उद्या होईल.

१६ एप्रिल
सच्याचा फोन. "पंक्या, काय चाकं टाकलीस रं! नवरदेवाची गाडी तुझीच. ठरलं."
नाही म्हणायला कारण होतं, पण त्याला सांगण्यासारखं नव्हतं. चालेल म्हणालो.

२० एप्रिल, रविवार
आईला, मावशीला आणि आमच्याकडे राहायला आलेल्या मामीला घेऊन बस्त्याला कर्जतला. खोपोली सोडली आणि पहिल्याच खड्ड्यात मागून खर्रर्र.
आई, "काय फाटलं रं?"
परतताना साड्यांच्या पिशव्यांची भर. प्रत्येक स्पीडब्रेकरला खर्रर्र. मावशी देवाचं नाव घेत बसली.
त्या तिघींना सोडून अलाइनमेंटवाल्या काकांकडे गेलो. काका जमिनीवर आडवे झाले, टॉर्च मारला.
"ऑफसेट बगितलास का घेताना? ह्ये चाक तुज्या गाडीचं नाय. वीस मिली बाहेर बसतंय. त्यात तू गाडी खाली केल्याली. मागं मानसं बसली का पत्रा टायरवर येनारच."
"एकटा फिरलो तेव्हा नाही घासली."
"एकट्याची कशाला घासंल? तुज्या गाडीत मागं कोन बसतच नाय का?"
नाही बसत. ती पुढे बसायची.
जुनी चाकं टाक म्हणाले, तासाचं काम. लग्नानंतर टाकतो म्हणालो. सच्याला व्हिडिओत हीच हवीत, असं त्यांना सांगितलं. इथे खोटं कशाला लिहू? तिने बघावीत असं मला वाटतं. बघून काय होणार, ते माहीत नाही.

५ मे
कालचं लिहितो.
सकाळी सच्या पुढे बसला, व्हिडिओवाल्याला काचेतून दिसायला हवा म्हणून. मागे फक्त त्याची बहीण पिंकी. दोनदाच घासली.
फाट्यावरून आत वळलो. पहिल्यांदाच. एक मोरी, शाळा, देऊळ, लगेच मांडव. सात मिनिटं.
लग्न लागल्यावर तिच्या वडिलांनी बोलावून मला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. नवरदेवाच्या ड्रायव्हरचा मान. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "जेवलाव ना? लेक तुमच्या गाडीत देतोय, सांबाळून न्या." डोळे भरले होते त्यांचे. अगदी साधा माणूस आहे. दोन वर्षं मी ह्यांना घाबरत होतो.
निघताना मागे सच्या, अ. आणि पिंकी. पुढे पाठराखीण म्हणून तिची आत्या. अ. वाकून आत बसली, शालू सावरला, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "घर सापडायला त्रास नाही ना झाला, भाऊजी?"
"नाही. सरळ रस्ता आहे."
सच्या म्हणाला, "त्याला काय इचारतेस, त्याला सगळे रस्ते म्हाईत."
खोपोलीपर्यंत घासत घासत. पळसदरीच्या अलीकडे रबराचा वास आला. उतरून बघितलं तर मागच्या डाव्या टायरची कड सोलून निघालेली. मागचं वजन कमी केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. सच्या नव्वदच्या वर आहे.
"मीच उतरतो. का आता बायकोला उतरवू?" शेरवानी वर धरून तो बेंजोवाल्यांच्या टेंपोत चढला. पिंकीही गेली. पोरांनी तिथेच वाजवायला घेतलं. सच्या मनाने मोठा आहे, हे मला आधीही माहीत होतं.
मग मी, आत्या आणि मागे ती. घासायचं थांबलं. तीसच्या वर नेली नाही. आत्या कर्जत यायच्या आत झोपल्या. बोलायला चांगला तासभर होता. आरशात बघायचं नाही असं ठरवलं, तरी एकदा बघितलं. ती बाहेर बघत होती.
नेरळजवळ हळूच म्हणाली, "साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत वाट बघितली मी."
मी म्हणालो, "टायर टिकला तर पोचू."
खरंच हेच म्हणालो.
थोड्या वेळाने म्हणाली, "पोचवा."
मामाच्या गावी, पोशिरात, वेशीवर मामीने भाकरतुकडा ओवाळला. सच्या टेंपोतून उतरून पुन्हा तिच्या शेजारी बसला. दारापर्यंत पूर्ण रस्ता घासली. बेंजोत कुणाला ऐकू आलं नाही.

६ मे
सेकंड. चौदा गेज लावले, एकही चुकला नाही. सुपरवायझर म्हणाला, लग्नाची झोप उडाली का नाही अजून? हसलो.
काही वाटत नाही. वाटेल म्हणून थांबलोय.

८ मे
दुपारी सच्याचा फोन. उद्या पाचपरतावण, दोघांना तिच्या माहेरी जायचंय. "अकराला ये गाडी घेऊन."
घासते म्हणालो.
"मग जुनी चाकं टाक ना. त्याला काय लागतंय?" मग हसत म्हणाला, "मी म्हनलं दुसरी गाडी सांगतो. तर अश्विनीच म्हनली, नको, भाऊजींनाच इचारा. बघू येतात का."
ती असं का म्हणाली, हे त्याला कधी कळू नये. मला कळलं. राग असेल. किंवा राग उरला नसेल आणि म्हणून म्हणाली असेल. दुसरं जास्त वाईट.
"बघतो," म्हणालो मी.
फोन ठेवला. फेब्रुवारीत तिलाही हेच सांगितलं होतं. त्याआधी दोन वर्षं, बाबांना भेटायला कधी येतोस म्हणून विचारलं की हेच. बघतो.
उद्याची शिफ्ट बदलून मिळेल, विचारलं तर. जिन्याखालच्या जुन्या चाकांची हवा बघितली. तिनांत आहे, एकात नाही. काका दुकान आठला उघडतात.