म्हशीच्या नव्या कॉइल

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे घालण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा नुसता नमस्कार घे. वहिनीला मात्र मनापासून नमस्कार सांग, तिनं माझं काही बिघडवलेलं नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर बाबा माझ्या शेजारी येऊन बसतात, स्पीकर लावायला सांगतात आणि माझ्याआधी तेच बोलतात. मग मला जे बोलायचं असतं ते राहतं आणि आपण हवेबद्दल बोलतो. हे पत्र दुकानात बसून लिहितेय. समोर चष्म्याच्या फ्रेमा पुसायच्या पडल्यात, त्या पडू देत.

तर म्हैस पुन्हा बंद पडली. आईनं बाबांच्या मोटारसायकलला हे नाव ठेवलं तेव्हा आपण खिदळलो होतो. त्यातलं शहाणपण मला आता कळतंय. काळी, जड, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की ढिम्म हलत नाही. घरातून निघताना कसली ऐट! वीस-पंचवीस मिनिटं झोकात चालते. मग डावं सिलिंडर रुसतं, मग ती लंगडत लंगडत जाते, मग उजवंही मान टाकतं, आणि मग एका बाजूनं बाबा आणि एका बाजूनं मी, अशी आमची मिरवणूक निघते. माझ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांनी मला या अवस्थेत पाहिलंय.

मेकॅनिककडे नेईपर्यंत ती गार झालेली असते. तो एक किक मारतो आणि ही बया सुरू. "ताई, गाडीत काही नाही. तुम्ही उगाच काळजी करता." परवा नेली तेव्हा तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू बिघाड माझ्यातच आहे.

शेवटी बाबांनीच शोधून काढलं. रस्त्याच्या कडेला उभे राहून टाकीखाली हात घातला आणि मला म्हणाले, हात लावून बघ. लावला आणि पोळला. तिथे औषधाच्या बाटलीएवढे दोन डबे असतात, त्या कॉइल. बॅटरीच्या जेमतेम विजेतून ठिणगी पडेल एवढी वीज त्या करतात, एका सिलिंडरला एक. म्हशीच्या दोन्ही मूळच्या आहेत, म्हणजे तुझ्याहून थोरल्या. आतली तार म्हातारी झाली की गार असताना इमानदारीत चालते आणि तापली की दगा देते. बाबा म्हणाले, "गार असताना सगळेच शहाणे. तापल्यावर कोण काय करतं ते बघायचं असतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते पुढे कधीतरी सांगेन.

तू म्हणतोस, बाबा माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. दादा, तुझा फोन दहा मिनिटांचा असतो. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं, तुला बोलले नव्हते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पेपर उचलला, वार आणि तारीख बघून घेतली, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारताच धाडकन सांगून टाकली. वर त्यांनाच विचारलं, मी विसरलो असं वाटलं का तुम्हाला? दोघे मनमुराद हसले. आमच्या दुकानात अशी गिऱ्हाइकं नेहमीची. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता रांगेत उभे राहून पाठ करतात, सगळी अक्षरं बरोबर म्हणून दाखवतात आणि चष्म्याविना घरी जाऊन जिन्यावरून पडतात. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. त्यावर मी काय बोलणार, कपाळ?

असो. बाकी सांगण्यासारखं काही नाही. या कॉइल इथे मिळत नाहीत. तुझ्याकडे मिळाल्या तर बघ. पाठवण्यापेक्षा घेऊनच आलास तर बरं होईल.

तुझी, हात पोळलेली,
टिल्ली

&nbsp;

ता. २१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. कॉइल आल्या. तू नाही आलास. खोक्यात तुझी चिठ्ठी होती, "या बसवा, प्रश्न मिटला." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते तुझ्याकडून शिकावं.

बसवल्या. बाहेर धूळ उडते म्हणून बाबांनी म्हैस थेट पुढच्या खोलीत आणली. पेट्रोलची टाकी काढून सोफ्यावर ठेवली, माझ्या चांगल्या चादरीवर. त्या चादरीला आता जन्मभर वास येणार. पण एक कबूल करते, त्यांचे हात बघत राहावं असे चालत होते. आधी बॅटरीची वायर सोडली. मग मला म्हणाले, कुठलीही वायर काढण्याआधी तिला खूण कर, रंगावर जाऊ नकोस, इतक्या वर्षांत सगळे रंग मातीचे झालेत. मी डावीकडच्या वायरींना लाल दोरा बांधला, उजवीकडच्यांना पांढरा. एक नट फ्रेमच्या पोकळीत पडला, तर त्यांनी सुतळीला लोहचुंबक बांधून मासा पकडावा तसा तो वर काढला. काम करता करता, नोकरीत पाण्याच्या लाइनवर फिरायचे तेव्हाच्या गोष्टी सांगत होते, कुठल्या वळणावर पाइप फुटायचा, कुठल्या बंगल्यातला कुत्रा मागे लागायचा. एक नाव चुकलं नाही.

जुन्या कॉइल फेकतील तर ते बाबा कसले. पुसून, तुझ्या नव्या खोक्यात घालून, फळीवर ठेवल्या. अडीअडचणीला असाव्यात म्हणे.

पहिल्या किकेला म्हैस सुरू झाली. तुला फोनवर आवाज ऐकवला तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतंय? "बघ, उगाच काळजी करत होतीस." मेकॅनिकचंच वाक्य. तुम्ही दोघं एकाच शाळेत होतात का?

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तेवढेही झाले नाहीत. गेल्या रविवारी त्यांच्या मागे बसून फिरायला गेले, तर पुलापलीकडे पुन्हा तेच. डावं रुसलं, उजवं रुसलं, येरे माझ्या मागल्या. कडेला बसून राहिलो. गार झाली, सुरू झाली, घरी आलो. मी मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या की यानं पैसे वाचवायला कुठलातरी भंगार माल पाठवला.

घरी येऊन टाकी उचलली. आत जुन्या कॉइल होत्या.

मी बघतच राहिले. दोरे जागच्या जागी, लाल डावीकडे, पांढरा उजवीकडे, नट घट्ट, सगळं काम नीटनेटकं. फळीवरचं खोकं उघडलं तर त्यात तुझ्या नव्या, पुसून ठेवलेल्या. मला वाटलं मलाच वेड लागलंय. खरंच वाटलं. त्या दिवशी मी गुपचूप नव्या घातल्या आणि जुन्या खोक्यात ठेवल्या.

मंगळवारी दुकानातून आले तर टाकी सोफ्यावर. बाबा खुशीत. म्हणाले, "बरं झालं आलीस. दादानं कॉइल पाठवल्यात, त्या बसवून टाकू."

कळलं का तुला? खोकं दिसलं की त्यांना वाटतं कॉइल आत्ताच आल्यात. मग गाडीतल्या काढायच्या आणि खोक्यातल्या घालायच्या. कितीदा केलंय, देव जाणे. कधी नव्या गाडीत, कधी जुन्या. आणि दर वेळी काम असं चोख की कुणी नाव ठेवणार नाही. मी म्हटलं, बाबा, बसवून झाल्यात. तर भडकले. मला शिकवतेस का, म्हणाले. मग मी पिशवी ठेवली आणि त्यांना पाना दिला. भांडायला अंगात बळ नव्हतं.

आता बोल, प्रश्न मिटला?

रविवारी कडेला बसलो होतो तेव्हा काय झालं ते लिहायला घेतलं होतं, खोडलं. गिऱ्हाईक आलंय.

टिल्ली

&nbsp;

ता. २ मार्च

दादा,

दुकानात फोन केलास ते बरं केलंस. निदान एकदा आपण बाबांशिवाय बोललो. पण बोललास काय, तर जुन्या कॉइल फेकून दे, म्हणजे गाडी नीट चालेल. मी म्हटलं, गाडी नीट चालली तर काय होईल? तर म्हणालास, मग किल्ली काढून घे. जसं काही किल्ली खुंटीवरून काढायची आहे. ती त्यांच्या खिशात असते. झोपतानाही.

तेव्हा मी काय केलं ते ऐक, आणि मला शहाणपण शिकवू नकोस. म्हशीत आता जुन्या कॉइल आहेत. मीच घातल्या, माझ्या हातांनी. तुझ्या नव्या माझ्या दुकानाच्या खणात फ्रेमांखाली आहेत आणि ते रिकामं खोकं मी फाडून टाकलं. खोकं दिसत नाही म्हणून टाकीही सोफ्यावर येत नाही. नव्या कॉइलवर बाबा पेट्रोल संपेपर्यंत जातील, आणि ते कुठल्या दिशेला असेल हे त्यांनाही सांगता येणार नाही. जुन्यांवर फार तर पुलापलीकडे जातात. तिथला सायकलवाला, शिंपी, औषधांच्या दुकानातली बाई, सगळ्यांकडे माझा नंबर आहे. फोन येतो, मी दुकानाला कुलूप लावून जाते आणि दुसऱ्या बाजूनं ढकलते. ज्या बिघाडासाठी मी मेकॅनिकशी भांडले, तोच आता जपून ठेवलाय. हे बरोबर नाही, मला कळतं. रस्त्यात बंद पडलेली गाडी म्हणजे काही राखण नव्हे. रोज म्हशीचा आवाज कोपऱ्यावरून वळून गेला की मी फोन हातात घेऊन बसते. पण मला एकटीला सुचलं ते हे.

आता त्या रविवारचं सांगते, मागच्या पत्रात खोडलं होतं ते.

पुलापलीकडे कठडा आहे, तिथे बसलो होतो. म्हणजे आधी बाबांनी रुमाल काढून माझ्यासाठी कठडा झटकला आणि म्हणाले, "बसा. तुमचा खोळंबा झाला." मला वाटलं थट्टा चाललीय. रागावले की आपल्याला अहो-जाहो करायचे, आठवतंय ना? मी हसले. ते हसले नाहीत. अदबीनं थोडं अंतर ठेवून बसले. अंतर ठेवून, दादा. मग विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, वडील असतात. म्हणाले, मग वाट बघत असतील, उशीर झाला म्हणून काळजीत असतील. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, अजून कोणी? मी म्हटलं, एक भाऊ आहे, लांब असतो.

त्यांनी म्हशीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या तळहाताला ढकलून ढकलून काळं लागलं होतं, ते बघितलं.

"त्याला बोलावून घ्या," म्हणाले. "ही गाडी एकट्या माणसानं ढकलायची नाही. एका बाजूनं जोर लावला की दुसऱ्या बाजूला पडते."

एवढं बोलून ते रस्त्याकडे बघत बसले. मी काय करणार होते? त्यांच्या रुमालानंच डोळे पुसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी टाकीखाली हात घातला, गार झाल्याची खात्री केली, किक मारली. सुरू. मागे वळून म्हणाले, "टिल्ले, बस की. पाय सायलेन्सरला लावू नकोस." मी बसले. घरापर्यंत त्यांच्या पाठीला डोकं टेकून आले, लहानपणी यायचे तशी. त्यांना काही ठाऊक नाही.

मला फोन करू नकोस. कुरिअर पाठवू नकोस. ये. आणि एका दुपारपुरता येऊ नकोस. पहिले दोन दिवस ते तुला तक्ता पाठ म्हणून दाखवतील, तू खूश होशील, मला वेड्यात काढशील. काढ. त्यानंतरही थांब.

किल्ली आपण दोघांनी मिळून मागायची. मी एकटीनं मागितली आणि नेमकी तशा एखाद्या वेळी मागितली गेली, तर ते परक्या बाईला द्यावी तशी देतील, वर आभार मानतील. ते मला सोसायचं नाही. तू शेजारी उभा असलास तर सोसेन.

बोलावून घ्या म्हणाले होते. म्हणून बोलावतेय.

तुझी, एका बाजूनं ढकलणारी,
टिल्ली