हनुवटीवरचं गोंदण

पनवेल, १९५४

ती. दादा,

नेहमीचा नमस्कार आज लिहवत नाही. तू काढलेल्या चित्रांचं पुस्तक मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना दाखवलं. वाघ झाला, पंखांचा मासा झाला, मग 'मुलं खाणारी राक्षसीण' आली. पुढे आलेले दात, हनुवटीवर गोंदण. तुला कडेवर खेळवणारी आपली मोलकरीण हौसा! मला शिसारी आली, तुझ्या हाताचीसुद्धा.

तिची धाकटी मालू मात्र नाचायला लागली. "ताई, ही माजी आय हाय! खाली काय लिवलंय?"

"हौसा," मी म्हणाले. तूच मला घरी वाचायला शिकवलंस, आणि मी पहिल्यांदाच खोटं वाचलं.

कालच शिकलेलं अक्षर मालू बोटानं शोधत राहिली.

"मग यात 'ह' कुटं हाय?"

हे पत्र टाकायचा धीर होणार नाही.

वत्सला