त्रिंकोमालीची बस

बाबा, मी बसने गेले. परदेशात, एकटी, तिथल्या साध्या बसने सहा तास, आणि मला फार मजा आली. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून चौबे कॉलोनीतल्या घरी दुपारची जेवणं आटोपून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा मध्येच बोलून मला अडवायची सोय नाही. आज पूर्ण ऐकून घ्या.

आपल्या घरात जग तेवढंच होतं, जिथवर रूळ गेले होते. तुम्ही रेल्वेत तिकीटबाबू. वर्षाकाठी पास मिळायचा आणि त्या पासावर आपण वर्धा, नागपूर, फार तर पुरी. गाडीच्या तासभर आधी फलाटावर, मला ट्रंकेवर बसवलेलं, आणि गाडीत शिरल्या शिरल्या बर्थखाली सामानाला लोखंडी साखळी. बसने जाणारी माणसं तुमच्या लेखी बिचारी होती. मग मला जगदलपूरच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. जगदलपूरला इथून सरळ गाडी नव्हती, यात माझा काही गुन्हा नव्हता. आईला सांगून मी बसमध्ये जाऊन बसले, खिडकीशी, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. तुम्ही ड्यूटी सोडून आलात. दारात उभे आहात, दम लागलेला, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणता आहात, "उतर खाली. रेल्वेवाल्याची पोट्टी बसमधी धक्के खात जाईन काय? लोक काय म्हणतीन मले?" मी म्हणते, "बाबा, उद्या सकाळी मुलाखत आहे." "मुलाखती येतीन पुष्कळ. उतर म्हटलं न!" मी उतरले. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी गरम जिलेबी घेऊन आलात. ती मी खाल्ली, याचा मला अजून राग येतो.

पुढे भनपुरीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, लग्न झालं, संसार झाला. वाईट काही झालं नाही. नातेवाईक म्हणतात, वडिलांनी काळजीपोटी केलं. केलं असेल. काळजी तुमची होती, नोकरी माझी होती. एवढं एक वाक्य तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं, ते आता लिहून टाकते आणि खोडणार नाही.

तर श्रीलंका. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिथे कँडीला नोकरी करते, तिच्याकडे पंधरा दिवस गेले होते. निघताना माझ्या मुलाने बजावलं होतं. तो इथल्याच उरला भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देतो. "मम्मी, वहाँ अकेली बस-वस में मत घूमना. ट्रेन है न." आवाज थेट तुमचा. मी मान हलवली. त्रिंकोमालीला समुद्राच्या कड्यावर शंकराचं देऊळ आहे, ते मला बघायचं होतं. मैत्रिणीची मुलगी म्हणाली, "काकू, टॅक्सी करून देऊ?" मी म्हटलं, "बस कुठून सुटते तेवढं सांग."

काय बस होती, बाबा! ड्रायव्हरच्या डोक्यावर लुकलुकत्या दिव्यांच्या माळेत बुद्ध, त्याच्या शेजारी आपला गणपती, आणि गाणी अशी मोठ्याने की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. कंडक्टर दाराबाहेर लोंबकळत गावांची नावं ओरडत होता. तिथे उभी माणसं आपलं सामान बसलेल्यांच्या मांडीवर ठेवतात, विचारत नाहीत. तासाभरात माझ्या मांडीवर दोन पिशव्या, एक छत्री आणि कुणाचा तरी फणस होता. शेजारी एक तमिळ म्हातारी होती. तिने तिखट डाळवडा अर्धा मोडून माझ्या हातात दिला आणि खुणेने विचारलं, नवरा? मी वर बोट केलं. तिनेही वर बोट केलं. मग आम्ही दोघी वडा खात बसलो. धक्के भरपूर होते. प्रत्येक धक्क्याला ती माझ्यावर नाहीतर मी तिच्यावर, आणि दोघी हसतोय.

एक फजिती झाली, तिचा दोष मात्र तुमच्याकडे. बसल्या बसल्या मी बॅगेच्या दोन्ही झिपांच्या कड्यांतून तुमची ती लोखंडी साखळी ओवली, प्रत्येक प्रवासाला मी ती अजून नेते, सीटच्या पायाला गुंडाळली आणि कुलूप घातलं. हाताला सवयच तशी. वाटेत चहाला बस थांबली, पैसे काढायला वाकले, तेव्हा उमगलं की किल्ली पर्समध्ये आहे आणि पर्स बॅगेत. कंडक्टरने वाकून पाहिलं. सिनेमातली थोडी हिंदी त्याला येत होती. "मॅडम, चोर नहीं. सब घर जाता." ड्रायव्हरने लोखंडी पहार आणली. दोन घाव घातले, कुलूप तुटलं, आणि चहाचे ग्लास घेऊन बघायला आलेल्या सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटायला हवी होती. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मागचं दार नीट लागत नव्हतं, ते बांधायला कंडक्टरने साखळी मागितली. दिली. पुढे तीन तास माझी बॅग लोकांच्या पायांत उघडी पडून होती आणि कुणी तिला बोटही लावलं नाही. तुमची साखळी आता श्रीलंकेत एका दाराला आहे, आणि मी ती परत मागणार नाही.

त्रिंकोमालीला उतरले तेव्हा केसांत धूळ, साडीला फणसाचा चीक, पाय सुजलेले. कधी कुठे पोचून इतका आनंद झाल्याचं मला आठवत नाही. जगदलपूरला पोचले असते तरी असंच वाटलं असतं का, कोण जाणे. तेवढं मला कळायला हवं होतं, बाबा. मुलाखतीत नापास झाले असते तरी चाललं असतं.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे, म्हणजे मुलाच्या हाती लागणार नाही. कारण तुमच्यापुढे एवढं तोंड वर करून बोलते आहे खरी, पण विमानतळावरून घरी येताना गाडीत त्याने विचारलं, "ट्रेन से ही गई थीं न? सीट ठीक मिली?" आणि मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "हव, मिळाली."