क्लच आणि अर्धा कप

सोमवार, १९ एप्रिल १९५४

आज दुकानातून आलेलं सामान — कॉफी दोन पौंड, दोन डॉलर वीस सेंट (डोळे पांढरे झाले). साखर दहा पौंड, अठ्ठ्याण्णव सेंट. यीस्ट. गंज सोडवायचं तेल, एक डबा, पासष्ट सेंट. आणि पार पश्चिम किनाऱ्यावरच्या टाकोमाहून इंगाचं पत्र — तिकीट तिचं, म्हणून फुकट.

इंगा ह्यांची चुलतबहीण. तिच्या खाणावळीत स्वयंपाकाला भरवशाचं माणूस हवंय. सिग्नेला पाठवून द्या म्हणते, मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तर हवं म्हणते. सिग्ने माझी नणंद. त्रेचाळीस वर्षांची, लग्न नाही, ह्या घरात माझ्याही आधीपासून. तिने पत्र वाचलं, घडी घातली, बटाटे सोलायला बसली.

ती गेली तर मला हे घर ओळखू येणार नाही. पण तिला धरून ठेवायचा मला काय हक्क.

तेल ट्रॅक्टरसाठी. हिवाळ्यात तो उभा करताना हे दर वर्षी क्लचचं पेडल दाबून त्याला लाकडाची पाचर मारून ठेवतात. म्हणजे आतल्या प्लेटा एकमेकींपासून सुट्या राहतात. यंदा राहिलं. शेड गळली, प्लेटा गंजून एकजीव झाल्या. इंजिन लागतं, पण पेडल कितीही दाबा, क्लच सुटत नाही, गिअर पडत नाही. त्यात ह्यांचा घोटा मार्चात बर्फावर मोडलेला, पाय प्लास्टरमध्ये. जमीन वाळली की पेरणी आली. देवा, तूच बघ.

मंगळवार, २० एप्रिल

ओस्मुंड आला. रस्त्यापलीकडचा शेजारी, एकटा राहतो, यंत्रांवर हात चांगला. ह्यांनीच निरोप धाडला होता.

"कॉफी घेतोस?" — "नको, नको." "अरे, घे की." — "कशाला उगाच त्रास." "केलेलीच आहे." — "बरं, अर्धा कप, तुम्ही म्हणताच आहात तर."

अर्धा म्हणून तीन प्याला. त्याला नावं ठेवत नाही. आम्हा नॉर्वेच्या लोकांत सगळ्यांचं असंच. आई म्हणायची, पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा एक तर उपाशी, नाहीतर स्वीडिश.

पेडल खाली दाबून त्याने फळीचा टेकू लावला. म्हणाला, आता असंच ताणावर राहू दे. जुन्या लोखंडावर डाफरून चालत नाही.

गुरुवार, २२ एप्रिल

खालचं झाकण काढून आत तेल सोडलं. काही नाही.

ह्यांचे सल्ले खिडकीतून चालू. "दोरखंड लाव! ओढ त्याला!" ओस्मुंड खालून ओरडला, "हाल्वर, तू तुझा पाय सांभाळ. क्लच त्याच्या आधी सुटेल." सिग्ने अंगणात कपडे वाळत घालत होती. कपडे कधीच संपले होते, तरी ती तिथेच.

शनिवार, २४ एप्रिल

आज इंजिन तापवून पाहायचं ठरलं. गरम झालं की लोखंड सैल होतं म्हणे. पेडलवर जोर द्यायला माणूस हवं, म्हणून सिग्ने सीटवर चढली. दोन्ही पायांनी पेडल दाबून, चाक घट्ट धरून — चर्चला निघाल्यासारखी ताठ.

ओस्मुंड म्हणाला, "सिग्ने, पेडल दाबायचंय, सैतान नाही."

"मला दोन्ही एकाच जोराने दाबायची सवय आहे," ही म्हणाली. आणि हसली! सासूबाई गेल्यापासून हिचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

तासभर इंजिन धडधडलं, क्लच सुटला नाही. सिग्ने कॉफी ओतायला आत आली, तो एकटाच राहिला शेडमध्ये. मध्येच ह्यांनी मान तिरकी केली, "कसला आवाज आला?" मी म्हटलं, कोंबड्या असतील.

ओस्मुंड आला, दालचिनीचे चार बन खाल्ले. क्लच? "अजून आठवडा तरी लागेल."

रविवार, २५ एप्रिल

प्रार्थनेत क्लचचं नाव घेतलं. देवाला ऐकायला लाज वाटत नाही, मला सांगायला कशाला वाटावी. घरी आलो तर सिग्ने माळ्यावरची पेटी खाली काढून पुसत होती. "जायचं ठरवलंस?" विचारलं. "इथे मला कोण अडवतंय, वहिनी?" राग नव्हता बोलण्यात. त्यानेच जास्त लागलं.

मंगळवार, २७ एप्रिल

ओस्मुंड काल आला, आज आला. कॉफीचा डबा अर्ध्यावर.

पाव मळताना सिग्नेला सहज म्हटलं, हा माणूस तुझ्याशी बोलतो तेव्हा टोपी का काढून धरतो? माझ्याशी बोलताना तर डोक्यावरच असते.

ती मळता मळता म्हणाली, "त्याने मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"लग्नाचं. अकरा वर्षं झाली. चर्चच्या मासळीच्या जेवणाला. मी ताटं धूत होते, तो पुसत होता. म्हणाला, आपण दोघांनी एकत्र राहावं असं वाटतं का तुला?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले — नको, कशाला उगाच त्रास."

"मग?"

"मग काय. त्याने पुढचं ताट पुसायला घेतलं. पुन्हा विचारलंच नाही." पिठाचा हात तसाच वर धरून म्हणाली, "वहिनी, मी तिसऱ्या वेळेला हो म्हणणार होते गं."

मी खुर्चीवर बसले. पाव आज जरा चिवट झाला.

रात्री ह्यांना सांगितलं. हे छताकडे बघत म्हणाले, "उद्या सांगतो ओस्मुंडला, शुक्रवारपर्यंत क्लच सुटला नाही तर गावातला मेकॅनिक बोलावणार." मी बहिणीचं सांगतेय, ह्यांचं आपलं ट्रॅक्टर!

गुरुवार, २९ एप्रिल

वारा सुटलाय. खालचं शेत अजून ओलं, पण दोन-तीन दिवसांत वाळेल.

कॉफीला हाक मारायला शेडमध्ये गेले. इंजिन चालू होतं, ओस्मुंडला ऐकू आलं नाही. सीटवर बसला होता. पेडल सोडलं — ट्रॅक्टर वीतभर पुढे. दाबलं — थांबला. मागचा गिअर टाकला — वीतभर मागे. लोण्यासारखा!

मला पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. इंजिन बंद केलं.

"कधी सुटला?"

"शनिवारी."

"आज गुरुवार आहे, ओस्मुंड."

"शेत ओलंच होतं," तो म्हणाला. "तुमचं नुकसान होऊ दिलं नसतं मी." मग टोपीकडे बघत, "कॉफी छान असते तुमच्याकडे."

"कॉफी पौंडाला एक डॉलर दहा सेंट झालीय. ती प्यायला कुणी रस्ता ओलांडून पाच दिवस खोटं बोलत नाही." मी म्हटलं, "सिग्ने टाकोमाला चाललीय, माहीत आहे ना?"

"ऐकलं."

"आणि तू तिला एकदाच विचारलंस?"

"ती नको म्हणाली होती."

"तुला मी कॉफी किती वेळा विचारते?"

"कॉफीचं वेगळं," तो हळू म्हणाला. "कॉफीला माणूस उगाच नको म्हणतं. बाई नको म्हणाली तर ते नकोच धरायला हवं."

चुकीचं काही बोलला नव्हता तो. मी एवढंच म्हटलं, "ताटं धुताना दिलेलं उत्तर होतं ते. एकदा हात कोरडे असताना विचार. मग काय म्हणेल ते खरं धर."

कॉफी न घेताच गेला. ट्रॅक्टरचं मी घरात कुणाला बोलले नाही.

शुक्रवार, ३० एप्रिल

ओस्मुंड आला नाही. सिग्नेने इंगाला पत्र लिहिलं — येते म्हणून. घड्याळामागे ठेवलंय, सोमवारच्या टपालाला. दोन वेळा प्रार्थना केली.

शनिवार, १ मे

सकाळी शेडमध्ये धडधड. बघते तर ट्रॅक्टर अंगणातून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी, वर ओस्मुंड, चर्चचा कोट घालून! क्लच दाबला, अगदी पायरीशी थांबला. इंजिन बंद करायचं भान नाही.

सिग्ने दारात. तो ओरडला, "सिग्ने! आपण दोघांनी एकत्र राहावं असं वाटतं का तुला?"

"काय?" ही ओरडली.

तेव्हा इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं. टोपी काढून त्याने पुन्हा विचारलं, हळू आवाजात.

"नको," सिग्ने म्हणाली, "कशाला उगाच —" आणि तोंडावर हात. जिभेला सवय, दुसरं काय. ओस्मुंडचा चेहरा उतरला. टोपी पुन्हा डोक्याकडे निघाली. मी दाराची चौकट घट्ट धरली.

खिडकीतून हे गरजले, "अकरा वर्षांपूर्वीचं धरून दोनदा विचारून झालं! मोजता येत नाही का रे तुला?"

ओस्मुंड खाली उतरला. तिच्या हातांकडे पाहिलं, कोरडे होते. "सिग्ने," तो म्हणाला. पुढचं त्याला बोलवेना, पण विचारणं पोचलं.

सिग्ने माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "बरं. अर्धा कप."

कॉफी आज मोजली नाही.

सोमवार, ३ मे

ह्यांना म्हटलं, मेकॅनिकला नको म्हणून कळवायला हवं. म्हणाले, "बोलावलाच नव्हता. क्लच सुटल्याचा आवाज मला खिडकीतून ओळखता येत नाही होय? कोंबड्या म्हणे."

घड्याळामागचं पत्र चुलीत घातलं, तिकीट आधी वाफेवर सोडवून. इंगाला कार्ड टाकलं, दोन सेंट — "सिग्ने येत नाही. तिचं लग्न आहे, पेरणीनंतर, २६ जूनला. तू यायचंस. नको म्हणालीस तर मला आणखी दोन कार्डं लागतील, तेव्हा एवढ्या एका वेळेला स्वीडिश हो आणि पहिल्यालाच हो म्हण. उलट टपाली कळव."