तिरकी खोबण

ब्र्नो, २९ मार्च १९३९

लाडक्या ट्रूडीस,

तिनी आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं हैफाहून आलेलं पत्र पोचलं. तिकडे ऊन फार म्हणतेस, तर डोक्याला रुमाल बांधत जा. इकडे सगळं ठीक आहे. मध्यंतरी बर्फ पडलं, ते वितळलं. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते त्यांचं कामच आहे. तुझे बाबा कामात गुंतलेत, म्हणून या खेपेला मीच लिहितेय.

तू लिहिलंस की सण झाला की येते आणि बाबांना हाताला धरून घेऊन जाते. तसं काही करू नकोस. एवढ्या लांबची बोट, उगाच दगदग. बाबाही म्हणतात, इतक्यात नको. पुढे उन्हाळ्यात पाहू.

कालच मी खसखशीचा केक केला होता, तो

(इथे हात थांबला, कारण समोरची ब्लाझेना आली. खांद्यावरून वाकून तिनं वाचलं आणि माझं पेनच काढून घेतलं.

"सगळं ठीक? तिनीताई, हे वाचून ती पोर उद्याच बोटीत चढेल!"

"टपालात फोडून वाचतात गं. भिंतीला कान, पाकिटाला डोळे."

"मग टपालात टाकूच नका. आमचे हे उद्या गाडी घेऊन सरहद्दीजवळच्या ओस्त्रावाला चाललेत. त्यांचा सोबती पलीकडे पोलंडात पेटीत टाकेल. लिहा खरं काय ते. आणि केक कुठला? गेला आठवडाभर चूल तरी पेटवलीत का?")

तर पोरी, केक केला नाही. आता खरं लिहिते. मला शब्द जुळवायला वेळ लागतो. आमच्या वडिलांच्या दुकानात घोड्याच्या सामानावरचे छाप बघून अक्षरं शिकलेली मी. समजून घे.

आपली गल्ली तुझ्या बाबानं बांधली तेव्हा तू लहान होतीस. पांढरी शुभ्र घरं, सपाट माथा, भिंतभर काचा, कुठे नक्षीचं नाव नाही. जे काम करत नाही ते घरात नको, हा त्याचा हेका. गावानं काय काय नावं ठेवली! कुणी म्हणे साबणाच्या वड्या, कुणी म्हणे खोकी. प्रत्येक जण तेच विचारी, "झिगमुंडसाहेब, छप्पर कुठे विसरलात?" आणि तो दरवेळी तितक्याच रागानं सांगे, "गळत नाही!"

मेझुझाचं मात्र अडलं. आपल्या ज्यूंच्या दाराला जाताना-येताना बोटं टेकवायची ती प्रार्थनेची चिमुकली डबी. बाबा म्हणाला, चौकटीवर काही बाहेर आलेलं मला चालणार नाही. काँक्रीट ओततानाच खोबण ठेवतो, डबी आत बसेल, भिंतीशी सपाट. आणि खोबण सरळ उभी. तुझी आजी काठी टेकत टेकत थेट बांधकामावर गेली.

"तिरकी हवी."

"आई, माझ्या अख्ख्या घरात एक तिरकी रेघ नाही."

"मग तुझ्या घरात मी नाही. जुन्या पंडितांत भांडण होतं, एक म्हणे उभी, दुसरा म्हणे आडवी. शेवटी तिरकी ठरली. एवढे मोठे लोक नमले आणि तुझी मान ताठ?"

गवंडी तोंड फिरवून हसत होते. बाबा नमला. गल्लीतल्या आपल्या लोकांच्या प्रत्येक दाराला ती तिरकी खोबण पडली. आयुष्यात त्यानं मारलेली तेवढीच तिरकी रेघ.

आता बघ कसं झालं ते. पंधरा दिवसांमागे ते जर्मन शिपाई शहरात शिरले तसं शहरातल्या इतर ज्यूंनी आपापल्या डब्या काढल्या, वर रंग फासला, मोकळे झाले. आमच्याकडे डबी निघाली, पण खोबण कुठे जाणार? ती काँक्रीटमध्ये. मागच्या आठवड्यात दोघं गणवेशवाले गल्लीतून चालत गेले. कुणाला काही विचारलं नाही. नुसतं चौकटीवरून बोट फिरवत, एकेक दार बघत गेले. मी काचेमागे उभी होते. या घरात उंदीर लपेल असा कोपरा नाही, माळा नाही, सगळा उजेडच उजेड. मी पलंगाच्या चादरी काचांवर टांगल्या. बाबानं पाहिलं, आणि राहिलेली चादर स्वतःच टांगली.

दुसऱ्या दिवशी तो जुना सदरा घालून, टोपी ओढून, घमेलं आणि थापी घेऊन निघाला. मी म्हटलं, अंधार तरी पडू दे. तर म्हणाला, "तिनी, अंधारात चोर दिसतो. दिवसा गवंडी दिसतो." खोबणी बुजवायच्या आणि त्यावर चुना. दोन घरं झाली. तिसऱ्या दाराशी एक अधिकारी येऊन थांबला. ब्लाझेना आपल्या खिडकीत होती, तिनं सगळं ऐकलं.

"काय करतोस?"

"भेगा बुजवतोय, साहेब. गवंडी आहे."

तो माणूस निघालाही होता, ट्रूडी. पाठ फिरवली होती त्यानं. जाता जाता वर बघून हसला आणि सोबतच्या शिपायाला म्हणाला, "काय खोकं आहे! कुण्या गाढवानं बांधलं? छप्परच विसरला."

आणि तुझ्या बाबाच्या तोंडून निघून गेलं, "गळत नाही!"

"तुला रे काय माहीत?"

 ब्लाझेना खिडकीत हात जोडून उभी होती, बोलू नका, बोलू नका. पण थापी खाली ठेवून, टोपी काढून तो म्हणाला, "मी बांधलंय."

त्याला तिथूनच धरून टेकडीवरच्या किल्ल्यातल्या तुरुंगात नेलंय असं कळतं. मी रोज फाटकापर्यंत जाते, सोबत त्याचं लोकरी बनियन घेऊन. रोज तेच उत्तर, या नावाचा कुणी नाही. उद्या पुन्हा जाईन. रस्त्यात बूट वाजले की मी दिवा मालवते. जिन्यावर कुणी शिंकलं तरी मी चुलीमागे सरकते. म्हातारी झाले, वाटलं होतं भीती आता मेली असेल. ती तर तरणीताठी निघाली.

म्हणून सांगते, येऊ नकोस. तू आलीस तर ते तुझंही नाव विचारतील, आणि तू बापाची लेक, अभिमानानं सांगशील. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी ऐक. त्याला किल्ल्यात एवढं एक सुख आहे की तू समुद्रापलीकडे आहेस. ते त्याच्यापासून काढून घेऊ नकोस.

राहिलेल्या खोबणी मी आणि ब्लाझेना बुजवतोय. ती म्हणते, दोन म्हाताऱ्यांना गवंडी कोण म्हणेल? मी म्हटलं, दाराशी कुटाळक्या करतायत म्हणतील, तेवढं पुरे. चुना एकसारखा लागत नाही. पण होतंय.

आपल्या दाराची मात्र ठेवली आहे. हे घर त्यांना ठाऊक झालंच आहे. डबी मी पिठाच्या डब्यात लपवली, खोबण रिकामी आहे. तरी जाता-येता तिलाच बोटं टेकवते. तो येईल तेव्हा त्याच्याही बोटांना जागा हवी.

काल पाऊस झाला. मी वरच्या मजल्यावर जाऊन भिंतींवरून हात फिरवून पाहिलं. गळत नाही. त्याला भेटू दिलं तर पहिलं हेच सांगणार आहे.

जिनं आजवर तुला एकदाही "येऊ नकोस" म्हटलं नव्हतं, ती तुझी
तिनी आत्या