बोटांना चटका बसेपर्यंत

६ ऑगस्ट, रविवार

शी! अजून नाकात सडक्या अंड्यांचा वास बसलाय. काळी बारूद म्हटली की धूर होणारच — पण तो नळीच्या पुढून निघावा ना! आज सरावात प्रत्येक बाराला मागून फस्स करून माझ्याच तोंडावर. दातसुद्धा काळे. शेवटी तर काडतुसाची पितळी पुंगळी आत अशी फुगून बसली की लीव्हर हलेना. बाबांची रायफल गुडघ्यांत दाबून सगळ्यांसमोर हिसके देत बसले मी! आमच्या क्लबातली नेवा ओरडली, "बाई गं, गाय पिळतेयस की काय?"

आणि आमचे थोरले बंधू एल्डन, पुंगळ्या तापवून देणारे महाशय, बाकावर डोनट चापत बसलेले. वर म्हणे, "तुझाच खांदा हलतो." खांदा!

७ ऑगस्ट

रायफल धुतली. गटारासारखं पाणी निघालं. जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट

एल्डनच्या शेडमध्ये गेले होते. उकिरडा! गोड सोड्याच्या बाटल्या, त्यावर माशा, आणि जळक्या चरबीचा ओशट वास. तिथंच बेकन तळतो वाटतं.

त्यानं आज तापवलेल्या पुंगळ्या बघितल्या. आच लागून अगदी बुडापर्यंत रंग उडालेला! बाबांची रीत किती सोपी — बूड बोटांत धरायचं, तोंड आचेवर फिरवायचं, चटका बसला की टाक पाण्यात. तोंड मऊ झालं की बार होताना फुगून नळीला चिकटतं, धूर मागे येत नाही. बूड मात्र कडकच राहायला हवं, नाहीतर तेच फुगून अडकतं आणि धूर बुडातून मागे सुटतो.

"बूड मऊ पडलं तर फाटेल ते! डोळा जाईल माझा, कळतंय का?"

"तू फ्रॉक घालून शेंबूड पुसत होतीस, तेव्हापासून करतोय मी हे."

बोटांना मळक्या पट्ट्या. काय झालं विचारलं तर म्हणे, मांजरीनं ओरबाडलं. त्याची मांजर गेल्या हिवाळ्यातच मेली! खोटारडा. परत प्यायला लागलाय, दुसरं काय. पिऊन आचेपाशी बसतो आणि भलतीकडे बघत राहतो. किळस आली मला त्याची. सख्ख्या भावाची!

१० ऑगस्ट

एल्डनला फोन करून सांगून टाकलं — माझ्या पुंगळ्यांना आता हात लावायचा नाही. रविवारी राज्याची स्पर्धा आहे, मी नेवाकडून तापवून घेईन.

म्हणाला, "बाबांनी हे मला शिकवलंय. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?" रडका! जरा वेळानं परत फोन. "उद्या ये. तुझ्यासमोर करतो. एक जरी बिघडली, तर जा त्या नेवाकडे."

जाते. तोंडाचा वास घेते आधी.

११ ऑगस्ट

प्यायला नव्हता. पट्ट्या सोडून बसला होता. पुंगळी आचेवर फिरवत नेवाचा तो गायीचा विनोद मलाच परत सांगत होता, हसत होता. तेवढ्यात तोच वास आला. बेकन नव्हतंच ते. त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडून फुगत होती. मी किंचाळले.

"थांब गं," म्हणाला, "अजून तापली नाही."