हेतलच्या स्टारचा चार्ट कुणी फाडायचा नाही

...आणि वकीलकाका, तुम्ही हसलात तरी मी हे लिहिणारच. सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र कोण करतं, म्हणालात ना? ज्याची सोमवारी सुरतला हृदयाची झडप बदलणार आहेत, तो करतो. डॉक्टर म्हणतात काही होणार नाही. पण झालंच, तर पुढच्या रविवारी हेतलला कोण सांभाळेल?

मी, गायत्री पितांबर पाटील, राहणार लोणखेडा, तालुका शहादा, डोकं पूर्ण ठिकाणावर ठेवून, कुणी जबरदस्ती न करता हे लिहिते. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, चुका पोटात घाला.

१. माझी स्कूटी माझ्या मोठ्या बहिणीला, रंजिताताईला. दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी याच स्कूटीवरून मी तिच्या सात वर्षांच्या हेतलला म्हसावदला तिच्या पप्पांकडे, भूपेंद्रकडे सोडायची. त्याच्या घरी नेऊन भेटवायचं, हे कोर्टात ताईने कबूल केलं ते माझ्यामुळे. पेरेंटिंगचे व्हिडिओ बघून बघून मीच तिला पटवलं होतं, की मुलांना आईबाप दोघं लागतात. ताई म्हणत होती, "त्या माणसाचा हात लवकर उठतो गं." मी म्हटलं, "ताई, तू निगेटिव्ह आहेस." मला स्वतःचीच किळस येते.

२. माझा फोनपण ताईलाच. लॉक म्हणजे हेतलची जन्मतारीख. त्यात १२ जानेवारीचे फोटो आहेत. त्या दिवशी परत येताना पोरगी स्कूटीवर मुठी आवळून बसली होती. घरी तिचे हात मी गरम पाण्याने धुतले आणि ती किंचाळली. तळवे लाल, सुजलेले, मिरचीचा वास. "आईकडे जायचं" म्हणाली म्हणून दिवसभर मिरच्या वाळवायच्या पथारीवर उन्हात बसवून तिच्याकडून मिरच्यांचे देठ खुडून घेतले होते. जेवण नाही. वर त्याच हातांनी डोळे पुसलेले. सरकारी दवाखान्याचा कागद फोनच्या कव्हरमध्ये आहे.

मी भूपेंद्रला फोन केला. तो म्हणतो, "मन्ही पोर शे. तुले काय करनं शे?" म्हणजे पोर त्याची, मी कोण विचारणारी. मागून त्याची आई मंगलाबाई, "कामनी सवय लागी जाई!" आणि दोघं हसले. हसले!

३. मंगलाबाईंना माझे रबरी हातमोजे. एवढी पथारी आहे, मोजे नाहीत, असं कसं? आता घाला आणि स्वतः खुडा.

४. भूपेंद्रला काहीही नाही. माझ्या फोटोला हार घालायलासुद्धा येऊ देऊ नका.

५. आमच्या वडिलांना, आप्पांना माझं हेल्मेट. आप्पा, तुम्ही म्हणालात, "आपण बी लहानपणी खुडी, काय झायं? सोयऱ्यांसमोर शोभा नको." शोभा पोरीच्या तळहातांवर झाली आहे. ते हेल्मेट घाला, ताईच्या मागे बसा आणि कोर्टात जा. मंगळवारी अर्ज द्यायचा आहे: भेट फक्त कोर्टाच्या आवारात, कोर्टाचा माणूस समोर बसलेला. निकाल येईपर्यंत हेतलला म्हसावदला पाठवायचं नाही.

६. बँकेत जे असेल ते या केससाठी. हेतलचा पालक मी नेमू शकत नाही, असं वकीलकाका म्हणतात. ठीक आहे. मग निदान तिच्या बाजूने बोलणारे तरी नेमते: तुम्ही सगळे.

७. फ्रिजवरचा चार्ट. हा मीच बनवला, रंगीत पेनांनी, फार उत्साहाने. न रडता पप्पांकडे जाऊन आली की एक स्टार. अकरा स्टार आहेत. त्या दिवशी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ती मला म्हणाली, "मावशी, मी तिथे रडलीच नाही. स्टार देशील ना?"

तो चार्ट फाडू नका. कोर्टात दाखवा. त्यांनी हात जाळले, पण तोंड बंद ठेवायला मी शिकवलं.

साक्षीदार:
जसोदाबाई, शेजारीण (सही)
उमाकांत, मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासचे मालक (सही)

लिहून देणार: गायत्री पितांबर पाटील (सही)
लोणखेडा, १५ जानेवारी २०२५

सही झाल्यावर एक राहिलंच. हेतल मोठी झाली की हा कागद तिला वाचायला द्यावा का? अकरा रविवार ती गप्प राहिली ते माझ्या स्टारसाठी, हे तिला कळावं का? मला ठरवता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?